चाळणीवर दावा चालणार नाही

जळगाव
१४ ऑगस्ट १९९९

श्री. रतिलालभाऊंस पुष्पाबाईचा नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. आधी एक सांगते. पाकिटावर माझ्या नावाच्या पुढे गं. भा. लिहिणं सोडा. हे जाऊन चार वर्षं झाली हे मला रोज ठाऊक असतं, पोस्टमनला दर वेळी कळवायची गरज नाही.

आता काम. माझ्या बहिणीच्या अभिमनने माझ्या पुढच्या खोलीत कॉम्प्युटर सेंटर काढलं, ते तुम्ही पाहिलंच आहे. ज्यांची मुलं परदेशात आहेत अशी माणसं येतात. अभिमन सकाळी नाशिकला फोन लावून सगळ्यांचं ई-मेल एकदम उतरवून घेतो, कागदावर छापतो, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना मी वाचून दाखवते. मुलं लिहितात मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. हे टपालात सॉर्टर होते तेव्हा जुन्या पाकिटांवरची नावं लावून लावून मी ती अक्षरं शिकले होते, ती आता उपयोगी पडली. तुमच्या शालिग्रामचं अमेरिकेहून येणारं ई-मेलही मी असंच पाकिटात घालून धुळ्याला पाठवते.

अडचण अशी की चांगल्या पत्रांबरोबर कचरा फार यायला लागला. कोण कुठली माणसं लिहितात, महिन्यात पोट कमी करा, घरबसल्या लखपती व्हा. धरणगावच्या भागाबाई त्यांच्या मस्कतच्या मुलाचं पत्र ऐकायला बसने येतात. त्यांना मी घाईत पोटाचंच वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मना पोटनी त्याले काय पडेल शे?"

म्हणून अभिमनने मशीनमध्ये एक चाळणी बनवली. तो फिल्टर म्हणतो. एकच मजकूर पुष्कळ जणांना गेलेला असला, किंवा फुकट-फुकट असं सारखं आलं, की ती ते कचऱ्यात टाकते. चाळणी चांगली चालली. यावल आणि भुसावळच्या सेंटरवाल्यांनीही मागून नेली. मग गेल्या सोमवारी केळीचे व्यापारी मोतीलालशेठ दारात येऊन उभे राहिले. दिल्लीचा आडत्या सगळ्या व्यापाऱ्यांना एकदम भाव कळवतो. चाळणीला तो कचरा वाटला आणि शेठचा ट्रक जुन्या भावाने निघून गेला. "तुझ्या चाळणीने माझी केळी मातीमोल केली. कोर्टात खेचतो का नाही बघ!" सगळी गल्ली गोळा झाली. अभिमन तेव्हापासून नीट जेवत नाही.

तुम्ही धुळे कोर्टात शिरस्तेदार होता. असा काही कागद लिहून द्या की चाळणी देणाऱ्यावर कोणी दावा करू शकणार नाही.

मला विचाराल तर कचरा कशाला म्हणायचं हेच अवघड आहे. ह्यांच्या नावाने पतपेढीचं वार्षिक सभेचं पत्र अजून येतं, आपण अगत्य हजर राहावे अशी विनंती. अभिमन म्हणतो, मावशी, कळवून टाक त्यांना एकदा. मी कळवलेलं नाही.

पुष्पाबाई

---

धुळे
२१ ऑगस्ट १९९९

ती. पुष्पावहिनींस रतिलालचा साष्टांग नमस्कार.

आज्ञेप्रमाणे गं. भा. गाळले आहे. हाताला सवय आहे, पुढे चुकलो तर रागावू नका.

मसुदा सोबत जोडला आहे. त्याला आधार साधासुधा नाही. इंग्रजांनी अठराशे अठ्ठ्याण्णव साली टपालाचा कायदा केला त्याचं सहावं कलम काढून पाहा. पत्र हरवलं, भलत्या घरी गेलं, उशिरा पोचलं, तरी सरकार जबाबदार नाही. नोकरही जबाबदार नाही, त्याने मुद्दाम लबाडी केली नसेल तर. आपल्या जीवरामदादांनी सगळी नोकरी याच कलमाच्या छत्रीखाली केली. जी माफी सरकारला मिळते ती अभिमनला का मिळू नये?

मसुद्यातला मुख्य भाग असा:

"सदर चाळणीने सद्भावनेने अडवलेल्या, गहाळ झालेल्या, विलंबाने पोचलेल्या अथवा मुळीच न पोचलेल्या कोणत्याही मजकुराबद्दल चाळणी देणार, चालवणार व त्यांचे वालीवारस यांजवर कोणत्याही न्यायालयात दावा चालणार नाही."

सद्भावनेने हा शब्द मी मुद्दाम घातला आहे, तो अभिमनला काढू देऊ नका. कागदाचा सगळा भार त्या शब्दावर आहे. वालीवारस मात्र सौ. इंदिराला पटले नाहीत. म्हणाली, "त्या पोराचं लग्न व्हायचंय अजून, वारस कुठून आणलेत?" तिला काय सांगणार. कायद्याला लांबचं पाहावं लागतं.

निवृत्त झाल्यावर पहिल्यांदाच मसुदा लिहिला. तीनदा खोडला. भाकरी ताटात गार झाली तेव्हा कुठे मनासारखा उतरला.

शालिग्रामचं ३ ऑगस्टनंतर काही आलेलं दिसत नाही. कामात असेल. आलं तर टपालाची वाट न पाहता धुळे गाडीच्या कंडक्टरजवळ दिलंत तरी चालेल, मी स्टँडवर जाऊन घेईन.

आपला
रतिलाल

---

जळगाव
१६ सप्टेंबर १९९९

श्री. रतिलालभाऊंस पुष्पाबाईचा नमस्कार.

तुमचा कागद टाइप करून भिंतीला लावला आहे. मोतीलालशेठनी चष्मा लावून सगळा वाचला. वालीवारसांपाशी आल्यावर त्यांचा आवाज खाली आला. "कोणी लिहिलं हे?" मी म्हटलं, माझ्या दिराने. "धुळ्याचे शिरस्तेदार का? मग बरोबर आहे," म्हणाले आणि सही करून गेले.

भागाबाईंना मी सगळं समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "आंगठा देस मी. पण मना पोऱ्यानं पत्र आडकनं ते कोनले इचारू?" अभिमनने कागद पुन्हा वरून खालपर्यंत वाचला. तुमच्या कलमात त्याचं उत्तर नाही. मग भागाबाईंनी अंगठा उठवून दिला.

आता नियम सगळ्यांना सारखा. तुम्हीही गिऱ्हाईक आहात, तेव्हा सोबतच्या प्रतीवर सही करून पाठवा.

शालिग्रामचं काही नाही. गणपतीच्या दिवसांत लिहील.

पुष्पाबाई

---

धुळे
२४ ऑक्टोबर १९९९

ती. पुष्पावहिनींस रतिलालचा साष्टांग नमस्कार.

सही केलेली प्रत पोचली असेलच. गणपती गेले, दसराही गेला. शालिग्राम एवढे दिवस पत्राविना राहणारा नाही. पहिल्या वर्षी तर तो तिकडच्या भाजीचे भावसुद्धा लिहायचा. इंदिरा विचारत नाही, पण पोस्टमन पुढच्या घरी गेला की ती दार लावून घेते.

माझ्या मनात आता एकच शंका आहे. शालिग्राम हल्ली खुशाली घरच्या सगळ्यांना एकदम पाठवत असणार. मामाला, आत्याला, मित्रांना. चाळणी ते अडवत असेल. अभिमनला सांगून कचरा एकदा नीट उपसायला लावा. त्यावर माझा राग नाही, तरुण आहे, हातून होतं.

रतिलाल

---

जळगाव
३० ऑक्टोबर १९९९

श्री. रतिलालभाऊंस पुष्पाबाईचा नमस्कार.

कचरा पाहिला. आज असलेल्या कचऱ्यात शालिग्रामचं काही सापडलं नाही. जुना कचरा मशीन आठ दिवसांनी आपोआप टाकून देतं, त्यामुळे मागचं दाखवता येत नाही. अजून बघतो आहोत.

दिवाळीत तुम्ही दोघं चार दिवस इकडे या. घरात शेव मी एकटीसाठी करत नाही, तुम्ही आलात तर करीन.

पुष्पाबाई

---

धुळे
१६ नोव्हेंबर १९९९

श्रीमती पुष्पाबाई जीवराम नेहेते,
जळगाव.

आपले ता. ३० चे पत्र पावले. त्यात आपण स्वतःच मान्य केले आहे की जुना कचरा नष्ट केला जातो. म्हणजे माझ्या मुलाची पत्रे अडवली गेली आणि अडवल्याचा पुरावाही नष्ट झाला. सद्भावनेत पुरावा नष्ट करणे बसत नाही. म्हणून भिंतीवरच्या कलमाचे संरक्षण अभिमनला मिळणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. सदर कलम मीच लिहिले असले तरी कलम लिहिणारा आणि कलमाने बांधला जाणारा या कायद्याने दोन निराळ्या व्यक्ती आहेत.

इथल्या ग्राहक मंचात तक्रार दाखल केली आहे. मागणी पैशाची नाही. सेंटरने चाळणी बंद करावी आणि पत्रे अडवल्याचे लेखी कबूल करावे, एवढीच आहे. तारीख १४ डिसेंबर.

वहिनी, हे वरचं सगळं कायद्याचं झालं. घरचं म्हणून सांगतो, रागावू नका. दिवाळीला यायचं होतं, पण लक्ष्मीपूजनाच्या दिवशी इंदिरा शालिग्रामचा जुना फोटो पुसत बसली आणि मला म्हणाली, "लिहीत असेल हो तो, पोचत नसेल." मला तिचा तो चेहरा बघवला नाही.

रतिलाल

---

जळगाव
२२ नोव्हेंबर १९९९

सौ. इंदिरा हिस पुष्पाचा आशीर्वाद.

दुपारच्या टपालाच्या वेळी भाऊ कोर्टाकडे असतात म्हणून हे तुझ्या नावाने पाठवते. वाचून फाडून टाक.

भाऊंना मी खोटं लिहिलं नाही, पण अर्धंच लिहिलं. कचरा मशीन टाकून देतं हे खरं. पण कोणाकडून काय आलं याची नोंद ते टाकत नाही, अडवलेल्याचीही नोंद राहते. अभिमनने ती मला ऑगस्टपासून आजवरची दाखवली. त्यात पोट कमी करणारे सगळे आहेत, दिल्लीचा आडत्या आहे. शालिग्रामचं नाव ३ ऑगस्टला आहे आणि त्यानंतर कुठेच नाही. त्याने काही पाठवलेलंच नाही गं.

अभिमन ही नोंद मंचापुढे ठेवणार म्हणतो. ठेवली की तो जिंकला. पण मग भाऊ भर मंचात, जुन्या ओळखीच्या वकिलांसमोर ऐकतील की चाळणीत काही खोट नाही, मुलगाच लिहीत नाही. आणि नोंद ठेवली नाही तर चाळणी बंद होते आणि तिच्यामागून सेंटर. मोतीलालशेठ त्याचीच वाट बघत आहेत, सही केली तरी केळीचं ते विसरलेले नाहीत.

तुला हे असं सरळ सांगायला नको होतं, पण मला वळणं घेता येत नाहीत. भाऊंना आधी घरातच सांगायचं का, आणि कोणी, ते तू सांग.

पुष्पा

---

धुळे
२७ नोव्हेंबर १९९९

ती. अक्कांना इंदिराचा नमस्कार.

अक्का, मला माहीत आहे. पाडव्याच्या दिवशी मेथी आणते म्हणून निघाले आणि एसटीडीच्या दुकानातून फोन लावला. शालूच बोलला. म्हणाला, "बरा आहे गं आई. लिहायचं राहूनच जातं. बसलो की सुचत नाही काय लिहावं, सगळं तेच तेच." समोर बिलाचे आकडे पळत होते, मागे दोन माणसं उभी होती. मी म्हटलं, जेवत जा, आणि ठेवला. मेथी घ्यायची राहिली. ह्यांना सांगितलं बाजारात नव्हती.

ह्यांच्यासमोर मी, पोचत नसेल, असं म्हटलं ते ह्यांच्यासाठीच. माणसाला काहीतरी धरायला लागतं. केस करतील असं वाटलं नव्हतं. पण अक्का, केस केल्यापासून माणूस पालटला. रिटायर झाल्यापासून नुसते ओट्यावर बसायचे, जेवायला चार हाका मारायला लागायच्या. आता इस्त्रीचा शर्ट घालतात. रस्त्यात वकील थांबवून विचारतात, काय शिरस्तेदार, चाळणीचं कुठवर आलं? घरी आले की म्हणतात, त्या चाळणीने माझ्या पोराचा गळा दाबला, आणि दोन भाकरी खातात.

त्यांना सांगू नका. आणि अभिमनचंही नुकसान व्हायला नको, तो पोर गरीब स्वभावाचा आहे. दोन्ही कसं जमवायचं ते मला कळत नाही. तुम्हाला खोटं बोलता येत नाही हे मला ठाऊक आहे. तरी काही सुचलं तर बघा.

इंदिरा

---

जळगाव
५ डिसेंबर १९९९

सौ. इंदिरा हिस पुष्पाचा आशीर्वाद.

मला खोटं येत नाही हे बरोबर. म्हणून ते मी अभिमनला करायला सांगितलं.

त्याला म्हटलं, "लिहून दे की शालिग्रामची पत्रं चाळणीने अडवली."

"मावशी, अडवलीच नाहीत! माझ्याकडे नोंद आहे."

"नोंद असू दे. ती पुसायची नाही, दाखवायची पण नाही."

"म्हणजे मी चोर नसताना चोर म्हणायचं स्वतःला?"

"तुझ्यावर दावा चालतो का?"

"नाही चालत. कलम आहे."

"मग भितोस कशाला? खरी चूक झाली तरी तुला काही होणार नाही असा कागद तूच भिंतीला लावलास. झालेल्या चुकीला माफी आहे, मग न झालेल्या चुकीला का नसावी?"

तो म्हणाला, "पण चाळणी चांगली आहे गं. मी रात्रंदिवस बसून बनवली. लोक म्हणतील, अभिमनची चाळणी पोरांची पत्रं खाते."

"म्हणू दे."

"तुला काय जातंय म्हणायला!"

ताट उचलून आतल्या खोलीत जाऊन जेवला. माझ्याशी दोन दिवस बोलला नाही. मी पण त्याची समजूत काढली नाही, कारण त्याचं खरं होतं आणि मी मागत होते ते खोटं होतं. तिसऱ्या दिवशी मशीनपाशी बसला आणि छापून आणून दिलं. मी दोन पत्रं म्हटलं होतं, त्याने तीन केली. दसरा, दिवाळी आणि तुळशीचं लग्न. प्रत्येक पत्र चाळणीने का अडवलं याचं कारणही लिहिलं आहे. एरवी कमी बोलतो, पण खोटं लिहायला बसल्यावर हात सैल सुटला. खाली लिहिलं आहे की चाळणीत दुरुस्ती केली असून नातेवाइकांची क्षमा मागतो.

भाऊंना आज रजिस्टर पोस्टाने पाठवलं. ते वाचतील तेव्हा तू समोर राहा.

पुष्पा

---

धुळे
२० डिसेंबर १९९९

ती. पुष्पावहिनींस रतिलालचा साष्टांग नमस्कार.

१४ तारखेला तक्रार मागे घेतली. अध्यक्षांनी विचारलं, तडजोड झाली का? मी म्हटलं, हो, घरातल्या घरात. बाहेर वकिलांनी चहा पाजला. जिंकलात म्हणाले.

वहिनी, मी कोर्टात पुष्कळ वर्षं कबुल्या लिहून घेतल्या. खरी कबुली अडखळते. माणूस आधी दुसऱ्याचं नाव घेतो, मग दारूचं, मग नशिबाचं, आणि शेवटी कुठे स्वतःचं. अभिमनच्या कबुलीत एकही खोड नाही. शिवाय तीनही पत्रं बरोबर सणांच्या दिवशी आलेली आहेत. आमच्या शालिग्रामला शाळेतसुद्धा सणाची सुट्टी कधी आहे ते मित्र येऊन सांगत. तुळशीचं लग्न त्याला अमेरिकेत कोणी सांगितलं असेल?

रजिस्टर आलं त्या दुपारी मी ते आधी एकट्याने वाचलं. पुन्हा वाचलं. मग इंदिराला हाक मारून मोठ्याने वाचून दाखवलं. तिने पदराने डोळे टिपले आणि म्हणाली, "बघा, लिहीत होता." तिला बरं वाटलं. तुम्ही आणि अभिमनने हे तिच्यासाठी केलंत, ते माझ्या लक्षात आलं आहे. तिला तुम्ही कधी काही बोलू नका. तिला हे सोसणार नाही.

कायद्याचं म्हणाल तर, ही कबुली सद्भावनेने दिली आहे अशी माझी खात्री झाली आहे. म्हणजे ती कलमात बसते, आणि कबुलीबद्दलही अभिमनवर दावा चालणार नाही. पेपरात वाचलं की दिल्लीत कॉम्प्युटरच्या व्यवहारांचं बिल मांडलं आहे आणि त्यातही मधल्या माणसाला काही माफी ठेवली आहे. त्यांना सुचलं ते आपल्याकडे भिंतीवर ऑगस्टपासूनच आहे.

अभिमनने चाळणी दुरुस्त केली असं लिहिलं आहे. ती फार दुरुस्त करू नका म्हणावं. इंदिराने उद्या पुन्हा विचारलं तर मला काही सांगता यायला हवं.

रतिलाल

---

जळगाव
२६ डिसेंबर १९९९

चि. शालिग्राम यास मोठ्या आईचा आशीर्वाद.

हे मी मुद्दाम टपालाने पाठवते आहे. पोचायला वेळ लागेल. तुला घाई नाहीच.

तू दसऱ्याला, दिवाळीला आणि तुळशीच्या लग्नाला आईवडिलांना अशी तीन पत्रं लिहिलीस. ती पोचली नाहीत, कारण इथल्या मशीनच्या चाळणीने ती अडवली. तसा अभिमनच्या सहीचा कागद तुझ्या वडिलांपाशी आहे. त्यांनी त्यासाठी ग्राहक मंचात केस लावली होती, ती आता मिटली. पत्रांत काय लिहिलं होतं हे मात्र आम्हाला कोणाला सांगता येत नाही. का, ते तुला ठाऊक आहे.

तुझ्या आईला पाडव्यापासून माहीत आहे. तुझ्या वडिलांनी कागद वाचला तेव्हा त्यांनाही कळलं. तो कागद वडिलांनी आईला मोठ्याने वाचून दाखवला आणि आईने डोळे पुसून दाखवले. आता दोघांनी मला वेगवेगळं लिहून बजावलं आहे की दुसऱ्याला सांगू नका. मी दोघांचंही ऐकते आहे. मला असलं जमत नाही, फार जड जातं.

अभिमनवर राग धरू नकोस. बिचाऱ्याच्या चाळणीचं नाव खराब झालं. पण गंमत अशी झाली की भागाबाईंच्या कानावर ही केस गेली. त्यांचा मुलगाही मस्कतहून गणपतीपासून गप्प आहे. त्या येऊन अभिमनसमोर बसल्या आणि म्हणाल्या, "मना पोऱ्यानंबी आडकेल व्हई. माले बी तसा कागद दे." अभिमनने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्याने छापून दिला. कागद चार घड्या करून त्यांनी चोळीत ठेवला आणि धरणगावच्या बसला गेल्या. तेव्हापासून आठवड्यात कोणी ना कोणी येतं. आधी कबुली मागणारी माणसं येतात, मग ई-मेल बघणारी. एक म्हातारे तर सेंटरचे गिऱ्हाईकही नव्हते. मुलाचा पत्ता नाही, फोन नाही, त्यांनीही कागद नेला.

आईला तू फोनवर म्हणालास की काय लिहावं सुचत नाही, सगळं तेच तेच. तुझे मोठे बाबा जन्मभर बंद पाकिटं खणांत टाकत आले. ते म्हणत, निम्म्या पाकिटांत तेच तेच असणार. पाऊस, ताप, म्हैस व्याली. आणि तेच तेच असलेलं पाकीट पोचलं नाही तर माणसं खिडकीवर येऊन भांडतात. त्यांच्याकडून मला, जेवलीस का, एवढी एक ओळ आली असती तरी पुरली असती. ती येणार नाही, त्याचं मी काही करू शकत नाही. तुझी येऊ शकते.

पत्र न पोचल्याबद्दल सरकारला माफी आहे, अभिमनला आहे, त्याच्या अजून न जन्मलेल्या मुलांनाही आहे. तुझ्यासाठी कोणी कलम लिहिलेलं नाही. तू मागितलंस तर तुझे वडील बसून तेही लिहून देतील, तीनदा खोडून. म्हणून मागू नकोस.

मला उत्तर पाठवायचं नाही. जे लिहायचं ते धुळ्याला लिही, आणि तारीख खरी घाल.

तुझी
मोठी आई